अंदमानला जाताय? आधी ओहोटीची वेळ विचारा

पूर आला की आम्ही सांगलीकर तासातासाला आयर्विन पुलाची पातळी विचारतो. ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, हे आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं. तरीही अंदमानात भरती-ओहोटीची वेळ विचारायचं मला सुचलं नाही. नील बेटावर (आताचं शहीद द्वीप) समुद्रातली दगडी कमान बघायला जेवून निवांत पोचलो, तर वाटेवरचे खडक पाण्याखाली! तिथं ओहोटीलाच जाता येतं. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढं सरकते, त्यामुळं कालची वेळ आज चालत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

दुसऱ्या दिवशी साडेसातला गेलो. खडकांमधल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, इवलेसे रंगीत मासे. पायात पकड असलेल्या चपला हव्यातच, कारण खडक धारदार आणि शेवाळलेले. पाय मात्र प्रवाळावर ठेवायचा नाही; ते दगडासारखं दिसलं तरी जिवंत असतं. भाच्यानं एक शंख खिशात टाकला. गाईड म्हणाला, "ठेव बाळा तिथंच, उद्या एखादा खेकडा त्यात राहायला येईल." प्रवाळ आणि शंख-शिंपले तिथून आणायला बंदी आहे, पण भाच्याला पटलं ते खेकड्याचं घर.

डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्यापेक्षा तासाभरानं लवकर, म्हणून दिवस पहाटेच सुरू करा. रोख पैसे जवळ ठेवा. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्या, आणि भडंगाचा डबा उतरल्यावरच उघडा.

बारातांगच्या रस्त्यावर गाड्या ताफ्यानं जातात, कारण ते जारवा आदिवासींचं जंगल आहे. त्यांचे फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी करू नये. कुणाच्या दारात जाऊन आपण असं बघत बसतो का?

शेवटच्या दिवशी सेल्युलर जेल. विनायकराव सावरकरांच्या कोठडीसमोर सेल्फीसाठी रांग होती. तिथं आवाज खाली ठेवा, ही कळकळीची विनंती. आईनं गाईडला विचारलं, "आणि बाबारावांची कुठली?" थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते, आणि १९४५ साली ते गेले आमच्या सांगलीत. गाईडला कोठडी सांगता आली नाही. आई मग त्या लांबलचक ओवरीतून प्रत्येक दाराशी क्षणभर थांबत गेली.