खोबळा

वस्तादांनी मी केलेला दांडपट्टा दोन बोटांत धरला, खिडकीशी नेऊन उजेडात उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "ताई, काम झ्याक केलंय. पण ह्यो पट्टा न्हवं. ही तलवार हाय."

मी लेगो खेळण्यातल्या प्लास्टिकच्या माणसांसाठी हत्यारं बनवते. माणूस चार सेंटिमीटरचा, त्यामुळे हत्यार नखाएवढं ते फार तर बोटाएवढं. आधी अकरा वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवल्या, म्हणून मायक्रोमोटर आणि त्याचं कोरायचं टोक, म्हणजे बर, हातात बसलेले आहेत. वर्षभर येतात ती युरोपातली मध्ययुगीन हत्यारं: परशू, काटेरी गदा, साखळीचा गोळा. दिवाळीच्या आधी महिनाभर मात्र किल्ल्यांसाठी मावळ्यांची हत्यारं.

बघणाऱ्याला हे कोरीवकाम वाटतं. खरं तर सगळं काम एका आकड्याभोवती फिरतं: 3.18 मिलिमीटर. या माणसाची मूठ म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखी चाप असते आणि ती एवढ्याच जाडीचा दांडा नीट धरते. दांडा 3.3 झाला की मूठ फाकते, कधी चिरते, आणि फाकलेली मूठ पुन्हा काही पकडत नाही. 3.1 झाला की हत्यार गळून पडतं. म्हणून धरायच्या जागी मी रंगाचा एक हातही देत नाही. मूळ कंपनीच्या तुकड्यांतून कापायचं, तासायचं, अ‍ॅसिटोनने सांधायचं. जुने लालसर तपकिरी तुकडे तर मी हातातच घेत नाही, ते बिस्किटासारखे तुटतात. बाजारात साच्यातून काढलेल्या रेझिनच्या नकला निम्म्या किमतीत मिळतात आणि त्यांची मूठ कधीच मापात नसते. खेळणं मोडल्यावर पोराला ओरडा बसतो, विकणारा मोकळा. याचा मला मनापासून राग आहे.

वस्ताद कोल्हापूरचे, सत्तरीच्या पुढचे, मर्दानी खेळ शिकवण्यात आयुष्य गेलेलं. मुलगा पुण्यात, नात चौथीत. नातीच्या सोसायटीत किल्ल्यांची स्पर्धा होती आणि तिला प्रतापगड करायचा होता, 10 नोव्हेंबर 1659 चा. कुंभारवाड्यातले मातीचे मावळे तिला नको होते, कारण त्यांची हत्यारं अंगालाच चिकटलेली असतात. तिला दोन पट्टेवाले हवे होते: एक सय्यद बंडा, एक दरवाजावरचा पहारेकरी.

मी पट्टा आधीही केला होता. सरळ पातं, त्याला तलवारीसारखी उभी मूठ, वर पंजावर झाकण. चाळीसेक विकले असतील. फोटो बघून केलेले होते आणि एकाही गिऱ्हाइकाने कधी तक्रार केली नव्हती.

वस्तादांनी सोबत कापडात गुंडाळून सरावाचा पट्टा आणला होता, धार नसलेला. म्हणाले, "हात घाला." मी हात घातला. आत अंधारात एक आडवी मूठ लागते, पात्याला काटकोनात. ती धरली की पंजा, मनगट आणि कोपराच्या अलीकडपर्यंतचा हात लोखंडाच्या खोबळ्याखाली जातो. पंजाच्या मागे कापडाची गादी. कोपराजवळची पोलादी पट्टी त्यांनी बसवली आणि म्हणाले, "आता मनगट वळवा."

वळेना. मनगट होतंच कुठे? कोपरापासून पात्याच्या टोकापर्यंत एकच सरळ रेघ झाली होती. तलवारीचा अर्धा खेळ मनगटात असतो, हे इतकी वर्षं हत्यारं बनवून मला माहीत होतं. पण मनगट बांधून टाकणारं हत्यार मी चाळीस वेळा बनवलं आणि प्रत्येक वेळी मनगट मोकळंच ठेवलं. वस्तादांनी पट्टा स्वतः चढवला, आम्ही गच्चीवर गेलो. त्यांनी चारच पावलं टाकली. वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो, अंग फिरतं तसं पातं फिरतं आणि ते लवचीक असल्याने टोक किंचित उशिरा पोचतं. पातं मी मोजून घेतलं, 105 सेंटिमीटर. ‘पटाईत’ हा शब्द आपण भाकरी थापणाऱ्यापासून गप्पा मारणाऱ्यापर्यंत कोणालाही लावतो. तो मुळात हे चालवणाऱ्याचा आहे. बखरीत सय्यद बंडाला पटाईत म्हटलंय ते याच अर्थाने. 2024 मध्ये सरकारने दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला तेव्हा मीही उत्साहाने पट्ट्यांचा नवा घाणा काढला होता. सगळे चुकीचे.

रात्री टेबलावर बसले. साडेपाच फुटी माणूस चार सेंटिमीटरचा झाला की सगळं साधारण बेचाळीस पटीने लहान होतं, म्हणजे पातं पंचवीस मिलिमीटरचं. पात्यासाठी केबल टाय घेतला, अडीच मिलिमीटर रुंदीचा. तो लवतो आणि पुन्हा सरळ होतो. आमच्या कडक प्लास्टिकला ते जमत नाही. घासून रुंदी 1.2 आणि जाडी अर्ध्या मिलिमीटरवर आणली. नायलॉनवर अ‍ॅसिटोन चालत नाही, म्हणून पात्याची शेपटी भोकातून आत ओवली आणि तापलेल्या सुईने चेपून आतून बोंड केलं. खोबळ्यासाठी लेगोचाच एक बाय एक मापाचा छोटा शंकू घेतला, बरने आतून पोखरला, भिंत 0.6 मिलिमीटर ठेवली.

अडचण अशी की या माणसाचं कोपर वाकत नाही, मनगट मात्र गरगर फिरतं. पट्ट्याला हवंय ते नेमकं उलट. म्हणून मी पंजाच काढून टाकला. पंजा हाताच्या भोकात एका खुंटीने बसतो. खुंटी कापून घेतली आणि शंकूच्या बुडाला सांधून थेट हातात ठोकली. मनगट बंद. हलतो तो फक्त खांदा. तो पट्टेवाला टेबलावर उभा केला आणि खांदा फिरवला, तर गच्चीवरचे वस्तादच दिसले. या कामात मला इतका आनंद क्वचित झालाय.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. वस्ताद बराच वेळ बघत राहिले आणि फक्त "हां" म्हणाले. नातीने खोबळा ओढून पाहिला.

"याचा हात कुठाय?"

मी सांगितलं, आत आहे असं समजायचं.

"मग पहारा संपल्यावर हा जेवणार कसा?"

मी वस्तादांकडे पाहिलं. वाटलं, ते म्हणतील की पट्टा असाच असतो. ते म्हणाले, "बरोबर हाय तिचं. पट्टा उतरवून ठेवायचा असतोय. उतरवला न्हाई तर चढवणार काय?"

सय्यद बंडाचा तिने तसाच घेतला. त्याचा हात जिवा महालाने पट्ट्यासकट तोडायचा होता, त्यामुळे तो एकजीव असलेलाच तिला सोयीचा. खांदा सारखा काढला की धडाला बगलेखाली चीर जाते, म्हणून मी एक जादा धड बांधून दिलं. पहारेकऱ्यासाठी मात्र पुन्हा टेबलावर बसले.

आणि तेव्हा दिसलं ते आजही डोक्यातून जात नाही. या माणसाच्या मुठीचं भोक हाताला आडवंच असतं. तलवार धरायला आपण ते उभं फिरवून घेतो, इतकंच. 1978 साली ही माणसं आली त्या वर्षीच्या पिवळ्या किल्ल्यात तलवार, भाला, ढाल सगळं होतं, पट्ट्याचा विचार तिथे कोणी केलेला असणं शक्यच नाही. तरी खोबळ्याच्या आत 3.18 चा पाच मिलिमीटर दांडा आडवा सांधला आणि समोरून सरकवला, तर मुठीने तो टक्क करून पकडला. अगदी माझ्या हाताने अंधारात पकडला होता तसा. पंजा कापायची गरजच नव्हती.

पण तिसऱ्यांदा काढताना खोबळा तडकला. दुसरा केला, तोही तडकला. पहाटे दोन वाजता आठवलं की वस्तादांच्या पट्ट्याचा खोबळा वरूनच हात झाकतो, खालून उघडा असतो. शंकू गोल होता म्हणून मी नळी केली होती. खालची बाजू कापली तेव्हा भिंतीला फाकायला जागा मिळाली आणि हातावर ती घट्टही बसली, मनगट फिरेना. पंधरा वेळा काढला, घातला.

किल्ला मी पाहून आले. अळीव छान उगवलं होतं. पहारेकऱ्याचा पट्टा भिंतीला टेकवून ठेवला होता आणि तो स्वतः एका बटणाच्या ताटापुढे बसला होता.

आता प्रश्न त्या चाळीस जणांचा आहे. वहीत पत्ते आहेत. मी एकेकाला कळवतेय की तुम्हाला दिलेला पट्टा चुकीचा आहे, बदलून देते, पैसे नकोत. ओळखीतल्या एका कारागिराने मला वेड्यात काढलं: कोणी मागितलं नसताना कशाला? तो चांगला कारागीर आहे, पण हे त्याचं मला पटत नाही. चौदा परत आले. परवा नाशिकच्या एका मुलाने विचारलं, मावशी, आधीच्यात वाईट काय होतं? मी लिहिलं, घरातला तांब्या घे, आत हात घाल आणि आत एक पेन्सिल आडवी धर. आता तांब्या न सोडता मनगट वळवून बघ.

तासाभराने त्याने तांब्यातल्या हाताचा फोटो पाठवला. खाली पूर्ण पत्ता होता, पिनकोडसकट.