ह्यूस्टनला भाचीसाठी नर्स प्रॅक्टिशनर, बडोद्यात आपल्यासाठी कोण?

वर्षाची नेमाची तपासणी करून घ्यायची आहे, गर्भनिरोधक गोळ्या मानवत नाहीत म्हणून दुसरा पर्याय विचारायचा आहे, किंवा पाळी जाण्याच्या वयातल्या तक्रारी कोणाजवळ तरी सविस्तर बोलायच्या आहेत, एवढ्यासाठी बाईला शस्त्रक्रिया करणारा स्त्रीरोगतज्ज्ञच गाठावा लागतो का, हा प्रश्न आमच्या घरात चर्चेला आला तो माझ्या भाचीमुळे. लग्नानंतर ती ह्यूस्टनला गेली आणि तिथल्या एका दवाखान्याने तिला डॉक्टरांची नव्हे, तर महिला आरोग्याच्या नर्स प्रॅक्टिशनरची, म्हणजे जादा शिक्षण घेऊन स्वतः रुग्ण तपासणाऱ्या परिचारिकेची, वेळ दिली. ताईला ते अजिबात रुचले नाही. "एवढे पैसे भरून शेवटी नर्सच?" हा तिचा प्रश्न आपल्याकडील अनुभवाला धरूनच होता, कारण बडोद्याच्या दांडिया बाजारात जन्म काढलेल्या बाईने नर्स पाहिलेली असते ती सलाईन लावताना, रक्तदाब मोजताना आणि डॉक्टरांच्या सूचना ऐकताना.

तिकडची व्यवस्था समजून घेतल्यावर माझे मत ताईहून वेगळे झाले. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर घडवण्याचा पहिला अभ्यासक्रम 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून सुरू केला. तो लहान मुलांच्या आरोग्यासाठी होता. महिलांसाठीची शाखा पुढे वाढली. या फोर्डबाई 2025 च्या जानेवारीत, वयाच्या 104 व्या वर्षी वारल्या. म्हणजे आपण लावलेले झाड देशभर पसरलेले पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. आज महिला आरोग्याची नर्स प्रॅक्टिशनर होण्यासाठी आधी नोंदणीकृत परिचारिका असावे लागते, मग नर्सिंगमधील पदव्युत्तर पदवी किंवा डॉक्टरेट घ्यावी लागते, त्यानंतर नॅशनल सर्टिफिकेशन कॉर्पोरेशनची परीक्षा द्यावी लागते आणि शेवटी राज्याचा परवाना मिळवावा लागतो. परीक्षेचे प्रमाणपत्रही कायमचे नसून दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण होते. अशी परिचारिका तपासणी करते, पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींचा नमुना घेते, कॉपर-टी बसवते, औषधे लिहून देते, गरोदरपणातील नेहमीच्या तपासण्या पाहते आणि रजोनिवृत्तीच्या तक्रारींवर उपचार करते. बाळंतपण मात्र तिच्या कामात येत नाही. ते डॉक्टर किंवा प्रमाणित नर्स-मिडवाइफ, म्हणजे प्रसूतीचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका, करतात. त्यामुळे दिवस राहिलेल्या मुलीने पहिल्याच भेटीत, प्रसूती कोण करणार आणि कोणत्या रुग्णालयात, हे विचारून घ्यावे.

या परिचारिकांना किती मुभा आहे, हे राज्यागणिक बदलते. भाचीच्या टेक्ससमध्ये औषध लिहून देण्यासाठी नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरांशी लेखी करार करावा लागतो. शेजारच्या न्यू मेक्सिकोत मात्र तसे बंधन नाही आणि ती स्वतःचा दवाखानाही चालवू शकते. देशातील निम्म्याहून अधिक राज्यांनी आता ही दुसरी वाट धरली आहे. टेक्ससमध्ये राहणाऱ्या मुलीने म्हणूनच करार कोणत्या डॉक्टरांशी आहे हे विचारले, तर त्यात काही वावगे नाही; दवाखान्याला ते सांगता आले पाहिजे.

शोधाची सुरुवात बहुतेक जणी विमा कंपनीच्या यादीपासून करतात आणि ते बरोबरच आहे, कारण यादीबाहेरच्या दवाखान्याचे बिल डोळे पांढरे करणारे असते. पण या याद्या अनेकदा जुन्या असतात: कोणी नोकरी बदललेली असते, कोणी नवे रुग्ण घेणे थांबवलेले असते. त्यामुळे नाव यादीत दिसले तरी दवाखान्यात फोन करून "तुम्ही माझी ही विमा योजना आजही घेता का, आणि नव्या रुग्णाला किती दिवसांनी वेळ मिळते?" असे विचारावे. नाव हाती आले की राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या संकेतस्थळावर ते टाकून पाहावे. परवाना चालू आहे की नाही आणि त्या व्यक्तीवर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे तिथे कोणालाही फुकट पाहता येते. ताईने हे काम बडोद्यात बसून, नातवाचा चष्मा शोधावा तितक्या चिकाटीने केले, आणि त्या बाईंचा परवाना पडद्यावर पाहिल्यावरच तिचा राग निवळला. आपल्या गावातील एखाद्या परिचारिकेची नोंदणी रुग्णाने अशी घरबसल्या तपासल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

पैशांच्या बाबतीत एक बारकावा भाचीला तिथल्या मैत्रिणींनी वेळीच सांगितला. बहुतेक विमा योजनांत वर्षातून एकदा होणारी प्रतिबंधात्मक तपासणी यादीतल्या दवाखान्यात झाली, तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. परंतु त्याच भेटीत नवी तक्रार काढली आणि तिच्यावर उपचार सुरू झाले, तर त्याचे बिल स्वतंत्र येऊ शकते. तक्रार दडवावी असा याचा अर्थ नाही, पण बिल हातात पडल्यावर दचकू नये एवढे ठाऊक असावे. आपल्याकडून लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने जाणाऱ्या आयांचे गणित याहून वेगळे असते, कारण पाहुण्यांच्या विम्यात अशा नेमाच्या तपासण्या सहसा बसत नाहीत. त्या निघण्याआधी इथेच उरकून घ्याव्यात हे उत्तम. ज्यांच्याकडे विमाच नाही अशा स्त्रियांना सरकारी मदतीवर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत उत्पन्नानुसार शुल्क आकारले जाते, आणि तिथेही पुष्कळदा नर्स प्रॅक्टिशनरच तपासतात.

हे सारे झाल्यावर ताईने मला विचारले, "मग आपल्यासाठी असं कोण आहे गं?" या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही.

रावपुऱ्यातील कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी एक सिस्टर बसलेली असते. ती वजन घेते, रक्तदाब पाहते, केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख लिहिते आणि आत पाठवते. आत डॉक्टरांसमोर मिळणारी मिनिटे थोडी असतात, शेजारी पुढची रुग्ण येऊन उभी राहिलेली असते, आणि जे खरे विचारायचे होते ते तसेच राहून जाते. मग बाई बाहेर येते, चिठ्ठी त्या सिस्टरपुढे धरते आणि हळूच विचारते, "बेन, ही गोळी किती दिवस घ्यायची? आणि या दिवसांत यजमानांशी संबंध चालतो का?" सिस्टर चिठ्ठीवर बोट ठेवून समजावते, मान हलवते, पुढच्या बाईचे नाव पुकारते. आपल्याकडच्या महिला आरोग्याचा केवढा तरी भाग या दाराबाहेरच्या दोन मिनिटांवर चालतो. जे काम अमेरिकेत पदवी, परीक्षा आणि परवाना देऊन एका परिचारिकेकडे सोपवले आहे, त्यातला समुपदेशनाचा वाटा इथली सिस्टर अधिकाराशिवाय आणि मोबदल्याशिवाय उचलते. माझी तक्रार डॉक्टरांविषयी नसून, या बाईला पुढे शिकवून तिच्या हाती जबाबदारी न देणाऱ्या व्यवस्थेविषयी आहे.

तरीही काहीच हालचाल नाही असे म्हणता येणार नाही. केंद्र सरकारने 2018 साली मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि नोंदणीकृत परिचारिकांना 18 महिन्यांचे प्रशिक्षण देऊन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' हे पद तयार करायचे ठरवले. गुंतागुंत नसलेले गरोदरपण आणि प्रसूती त्यांनी सांभाळावी, अडचण दिसताच डॉक्टरांना बोलवावे, अशी ती कल्पना आहे. कल्पना चांगली आहे, पण ती बाळंतिणीपुरती आहे. पन्नाशीतल्या, घाम फुटून रात्री जागणाऱ्या बाईला तिचा उपयोग नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या आणि आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांत 'सीएचओ' म्हणजे सामुदायिक आरोग्य अधिकारी असतात. त्यांत परिचारिका पुष्कळ आहेत आणि त्यांना सहा महिन्यांचे जादा प्रशिक्षण दिलेले असते. हे पद मुख्यतः गावांकडचे. शहरात महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि स्टाफ नर्स भेटतात.

तीस वर्षांवरील स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी होणारी सरकारी चाचणी मी अशाच एका केंद्रात करून घेतली. पडद्यामागे टेबलावर निजवून सिस्टरने गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरइतकेच तीव्र द्रावण, कापसाच्या बोळ्याने लावले, मनगटावरचे घड्याळ पाहत मिनिटभर थांबली आणि प्रखर दिव्यात पांढरा डाग उमटतो का ते पाहिले. डाग उमटला, तरी तो कर्करोगच असतो असे नाही; पुढच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवतात. खर्च शून्य. कार्यक्रमानुसार ही चाचणी पासष्टीपर्यंत दर पाच वर्षांनी व्हायला हवी. वेळ लागला तो मला नव्हे, बरोबर आलेल्या शेजारच्या काकूंना. त्या गुजराती आपल्यासारखीच बोलतात, अडचण भाषेची नव्हतीच. या वयात असले काय दाखवायचे, ही लाज होती. सिस्टरने त्यांना घाई केली नाही, दार लोटून घेतले आणि आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली.

बडोद्यात एखादीला अशी सोय हवी असेल, तर आपल्या प्रभागातील आशाबेनला विचारावे की ही चाचणी कोणत्या वारी होते आणि त्या दिवशी प्रशिक्षित सिस्टर हजर असते का. नुसते जाऊन उभे राहिल्यास साहित्य नाही म्हणून परत यावे लागू शकते. खासगी दवाखाना निवडताना डॉक्टरांच्या नावाबरोबरच तिथल्या सिस्टर किती वर्षे टिकून आहेत आणि फोनवर शंका विचारलेली चालते का, याचीही चौकशी करावी. मात्र पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, मग ते थेंबभर का असेना, तर सिस्टर, आशाबेन, मैत्रीण यांच्यापैकी कोणाकडेही न थांबता थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. तिथे सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या अस्तराची जाडी पाहतात आणि गरज वाटल्यास त्याचा तुकडा तपासायला पाठवतात.