लहान नक्की काय?

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे समितीचे पत्र आले, तेव्हा शाळेने आपल्याला काय दिले याची बरीच उत्तरे मनात होती. पण लिहायला बसल्यावर प्रत्येक उत्तर विज्ञानाच्या बाईंपाशीच येऊन थांबू लागले. नुसते ‘बाई’ म्हटले तरी आमच्या पिढीत कोणाला नाव विचारावे लागत नाही, म्हणून मीही ते लिहीत नाही. इतर गुरुजनांनी राग मानू नये.

नववीत सूक्ष्मजीवांचा धडा सुरू करण्याआधी बाईंनी फळ्यावर ‘मायक्रो’ एवढेच लिहिले होते. मूळ शब्द ग्रीक, अर्थ लहान, असे सांगून पुढे जाणे सहज शक्य होते. बाईंनी मात्र विचारले, “लहान नक्की काय?” सूक्ष्मजीवांत जीवच लहान असतो, हे सर्वांना पटले. सूक्ष्मदर्शकात यंत्र लहान नसते, त्यातून पाहायची वस्तू लहान असते. प्रयोगशाळेतला तो जड सूक्ष्मदर्शक मामांखेरीज कोणी उचलू धजत नसे, त्यामुळे हेही लगेच पटले. मायक्रोमीटर म्हणजे मीटरचा दहा लाखावा भाग, तिथे लहानपणाची काटेकोर संख्या होते. त्यालाच पूर्वी मायक्रॉन म्हणत. १९६७ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ते नाव रद्द केले, तरी आम्हा पॅथॉलॉजिस्ट मंडळींच्या तोंडून ते अजून गेलेले नाही.

स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असताना वर्गातल्या एकाने, बहुधा तास टाळण्यासाठीच, विचारले की माईक म्हणजे जर मायक्रोफोन, तर त्यात लहान काय? आपल्या सभागृहातला माईक लोखंडी स्टँडसह आमच्यापेक्षा उंच होता आणि आवाज तर त्यातून मोठा होऊन बाहेर पडत होता. बाई म्हणाल्या, “मला ठाऊक नाही, उद्या सांगते.” दुसऱ्या दिवशी त्या उत्तर घेऊन आल्या. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८२७ मध्ये हा शब्द वापरला तो क्षीण आवाज कानापर्यंत पोचवणाऱ्या एका साध्या साधनासाठी, ज्यात विजेचा संबंधच नव्हता. पुढे १८७८ मध्ये डेव्हिड ह्यूज यांनी कोळशाच्या तुकड्यांवर चालणारे विद्युत साधन दाखवले आणि त्यातून माशीची पावलेसुद्धा ऐकू येतात अशी त्याची ख्याती झाली. लहान होता तो आवाज. एवढे सांगून बाईंनी सगळा वर्ग सभागृहात नेला आणि ज्या मुलीचे उत्तर पहिल्या बाकापर्यंतही पोचत नसे तिला माईकसमोर उभे करून त्या दिवशीची व्याख्या वाचायला लावली. तास अर्थातच टळला नाही.

पुढे वैद्यकीय शिक्षणात ‘मायक्रो’ पानोपानी भेटू लागला, तेव्हा माझ्या सहाध्यायांनी ते शब्द पाठ केले आणि मी बाईंचा प्रश्न विचारत गेले. मायक्रोसेफली म्हणजे बाळाचे डोके वयाच्या मानाने लहान असणे. ब्राझीलमध्ये २०१५ साली झिका विषाणूच्या साथीत हा शब्द वर्तमानपत्रांत आला, पण त्याच्या निदानाची सुरुवात साध्या मापाच्या फितीने होते, सूक्ष्मदर्शक लागत नाही. मायक्रोसायटिक ॲनिमिया या रक्तक्षयाच्या प्रकारात रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीच्या सात-आठ मायक्रोमीटरहून लहान भरतात. कारण बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते, पण थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकातही पेशी तशाच लहान दिसतात आणि तिथे लोहाच्या गोळ्यांनी त्या मोठ्या होत नाहीत. विदर्भात हत्तीरोगासाठी रात्री रक्ताचे नमुने घेतात ते मायक्रोफायलेरिया शोधण्यासाठी. ही हत्तीरोगाच्या कृमीची पिल्ले जेमतेम पाव मिलिमीटरची असतात, तर त्यांची आई आठ-दहा सेंटीमीटरची. ती लहान आहेत ती आईच्या तुलनेत. मायक्रोवेव्हचेही तसेच आहे. स्वयंपाकघरातल्या भट्टीत त्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर असते आणि ती लहान ठरते ती रेडिओच्या लांब लहरींपुढे.

मात्र बाईंच्या प्रश्नाचा सर्वाधिक उपयोग मला मधुमेहाच्या रुग्णांपुढे बसून होतो. लघवीच्या अहवालात ‘मायक्रोअल्ब्युमिन’ पाहून ते विचारतात, “मायक्रोच आहे ना, मग काळजी नाही ना?” या नावामुळे डॉक्टरांचाही घोटाळा होऊ शकतो, कारण अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाची लहान जात असते असा त्यातून भास होतो. प्रत्यक्षात रेणू तोच असतो. लहान असते ते लघवीत उतरलेले त्याचे प्रमाण, दिवसाला ३० ते ३०० मिलिग्रॅम, म्हणजे साध्या पट्टीच्या तपासणीत बहुधा न दिसणारे. धोका मात्र लहान नसतो, कारण मूत्रपिंडाची चाळणी गळू लागल्याची ती पहिली खूण असते आणि याच टप्प्यावर साखर व रक्तदाब आटोक्यात आणला तर पुढची हानी लांबवता येते. मूत्रपिंडविकाराच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१२ मध्ये हे नाव टाळण्याची शिफारस केली, तेव्हा बाईंनी हे नववीतच केले असते असे मला वाटले.

थायरॉइडच्या गोळ्यांवरील २५, ५०, १०० हे आकडे मायक्रोग्रॅमचे असतात आणि घाईत लिहिलेले मायक्रोचे ‘µ’ हे ग्रीक अक्षर मिलिग्रॅमचे ‘m’ म्हणून वाचले गेले तर मात्रा हजारपट होते, म्हणून माझ्या प्रयोगशाळेत एकक पूर्ण अक्षरांत लिहिण्याची सक्ती आहे. हीसुद्धा बाईंचीच शिस्त.

मध्यंतरी शाळेतील मुले प्रयोगशाळा पाहायला आली होती. चुणचुणीत होती, मायक्रो म्हणजे दहाचा उणे सहावा घात, हे सगळ्यांनी एका सुरात सांगितले. मग मायक्रोसेफलीत कशाचा दहा लाखावा भाग, असे विचारल्यावर सगळी गप्प झाली, आणि तो प्रश्न परीक्षेत येईल का, एवढेच एकाने विचारले. शाळेची नवी प्रयोगशाळा देखणी आहे, पडद्यावर पेशी रंगीत दिसतात, पण अशा प्रश्नांसाठी वेळापत्रकात जागा उरलेली दिसत नाही, याचे मला वाईट वाटते.

बाई निवृत्तीनंतरही स्वस्थ बसलेल्या नाहीत. मागे भेटायला गेले तेव्हा ओटीवर बचत गटाच्या बायका मायक्रोफायनान्सचे कागद घेऊन बसल्या होत्या आणि चश्मा सावरत बाई विचारत होत्या, “यात लहान नक्की काय? कर्ज लहान आहे, हप्ताही लहान आहे. व्याजाचा दर कुठे लिहिलाय, तो आधी दाखवा.”