घेऊ का नको, सर?

अँटिऑक्सिडंटची पावडर, गोळ्या घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे तुम्ही एकटे नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवली. त्यामुळे निवृत्त झालो तरी गावातला डबा, बाटली, गोळ्यांचं पाकीट वाचायला माझ्याच ओट्यावर येतं. पोळ्याच्या आधी शेजारच्या काकू अँटिऑक्सिडंट पावडरचा डबा घेऊन आल्या. "सर, पोट्ट्यानं नागपूरहून आणून देल्ला. हे फ्री रॅडिकल मारते म्हणते. घेऊ का नको?"

मी त्यांना घरातली जवसाच्या तेलाची बरणी आणायला सांगितली.

बरणीच्या तोंडाशी ओघळलेलं तेल वाळून पिवळट, चिवट झालं होतं. नखानं खरवडलं की पापुद्रा निघत होता. शेंगदाण्याच्या तेलाचा असा पापुद्रा धरत नाही. रेणूतले इलेक्ट्रॉन बहुधा जोडीनं राहतात. ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा उरला, ते फ्री रॅडिकल. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्ल भरपूर, आणि त्याच्या दोन दुहेरी बंधांमधला हायड्रोजन फार सैल. एखादं रॅडिकल तो हायड्रोजन उचलून नेतं. मागे राहिलेल्या रेणूला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, आणि मग तो शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो. शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. असे रेणू एकमेकांत गुंतत जातात. आमचे बाबा बंडीला आणि दाराला हेच तेल चोळायचे. ते वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवा खाऊन घट्ट होतं. ताटात मात्र तेच खवट लागतं. (तेलानं माखलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. या खटाटोपात इतकी ऊब तयार होते की बोळा आपोआप पेटू शकतो.)

आपल्या पेशींच्या पडद्यातही अशीच सैल हायड्रोजनची स्निग्धाम्लं असतात. ई जीवनसत्त्वासारखं अँटिऑक्सिडंट स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतं, आणि नंतर स्वतः इतकं थंड पडतं की पुढे कुणाला छेडत नाही. इथपर्यंत डब्यावरचं खरं.

पण मग जास्त घेतलं की जास्त फायदा? फिनलंडमध्ये हेच तपासलं. सिगरेट ओढणारे २९,१३३ पुरुष निवडून कुणाला ई जीवनसत्त्व, कुणाला बीटा-कॅरोटीन (गाजरातलं, तेही अँटिऑक्सिडंटच), कुणाला दोन्ही, कुणाला नुसती खोटी गोळी दिली. १९९४ साली निकाल आला. ई जीवनसत्त्वानं फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, आणि बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त निघाला. डब्यावर हे कोण छापणार?

शिवाय मारायचं म्हणता, पण कुणाला? १९०० साली अमेरिकेत मोझेस गोंबर्गनं पहिलं टिकणारं कार्बनचं रॅडिकल दाखवलं, तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. आज तुमच्या वावरातला पीव्हीसीचा पाइप रॅडिकलच्या साखळीनंच बनतो. आपल्या रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड हेही रॅडिकलच.

गडचिरोलीचं बघा. तिकडे मलेरिया फार, आणि फाल्सिपेरम (मलेरियाचा जास्त घातक प्रकार) निघाला की आर्टेमिसिनिन गटाची औषधं देतात. चीनच्या तू योयो यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. या रेणूत दोन ऑक्सिजनचा एक कमकुवत पूल असतो. मलेरियाचा परजीवी आपलं हिमोग्लोबिन खातो, त्यातून लोहाचा साठा उघडा पडतो, आणि ते लोह हा पूल मोडतं. तिथेच, परजीवीच्या पोटात, रॅडिकल तयार होऊन त्याची प्रथिनं नासवतं. मला हे औषध फार आवडतं. चोराच्याच ऐवजानं चोर धरायचा!

आता उलट बाजू. तणनाशक पॅराक्वाट. सकाळी धुऱ्यावर मारा, ऊन चांगलं असेल तर संध्याकाळपर्यंत गवत करपलेलं. हिरव्या पानात सूर्यप्रकाशावर जे इलेक्ट्रॉन पळत असतात, त्यातला एक हे उचलतं, रॅडिकल होतं, तो ऑक्सिजनच्या गळ्यात घालतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होऊन दुसरा घ्यायला मोकळं. झिजत नाही, थकत नाही. माणसाच्या पोटात गेलं तर फुप्फुसात साचतं आणि तिथेही हाच धंदा करतं. म्हणून अशा रोग्याला डॉक्टर अगदी गरज पडल्याशिवाय ऑक्सिजन लावत नाहीत. ऑक्सिजन म्हणजे त्या आगीला हवा. उतारा नाही. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत हे ओतून ठेवणाऱ्याला मी आजही भर चावडीवर शिव्या घालतो, मग तो माझा विद्यार्थी असो की सरपंच.

हे सगळं काकूंना सांगितलं. शेवटी म्हणालो, जवसाची चटणी खा, ताजी कुटून. पोराला म्हणावं पैसे साठव.

काकूंनी डबा उलटा करून किंमत वाचली. मग झाकण फिरवून पाहिलं.

"सील तं म्या तोडलं, बाप्पा. आता दुकानवाला वापस घेईन का?"