हात का वर करत नाही, तर ऐका

तुम्ही विचारलंत म्हणून. तसं दर रविवारी चर्चमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, कधी भाचा, कधी त्याच्या ग्रुपमधली पोरं, "मावशी, आराधना चालू असताना तुम्ही नुसत्या उभ्या असता, हात का वर करत नाही?" आणि विचारताना चेहरा असा की माझ्या विश्वासाला ताप आलाय. आजवर हसून टाळलं.

एक आधीच सांगते, मला बायबलातलं पौलाचं तीमथ्याला पत्र उघडून दाखवू नका. पवित्र हात वर करून प्रार्थना करा म्हणतो पौल, माहितीये, पण त्याच ओळीत राग आणि वाद सोडून असंही आहे, आणि आपल्याकडे गाडी लावण्यावरून दोन घरं वर्षभर बोलत नाहीत.

पूर्वी मीही म्हणायचे, हे हात वर करणं, रडणं-ओरडणं सगळं अमेरिकेतलं खूळ. ते चुकलंच माझं. तिकडची लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची ती गाजलेली जागृती १९०६ ची, आणि केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात १९०५ च्या जूनमध्येच मुली रडत होत्या, मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या. तेव्हा तो मुद्दा सोडला.

मग काय उरलं? तर आई.

आईला कॅन्सर होता तेव्हा इंदूरलाच, विजयनगरकडे एका हॉलमध्ये तीन दिवसांची प्रार्थनासभा होती. तिला व्हीलचेअरवर नेलं. बाहेरून आलेले सेवक, म्हणजे प्रचारक, कपाळावर हात ठेवत होते, माणसं धडाधड मागे पडत होती, धरायला पोरं उभीच. माझी पाळी आली. हात वर केले, डोळे मिटले, काहीच नाही. खरं सांगू, डोक्यात हेच की परत जायला ऑटो मिळेल ना. कपाळावरचा हात जरा दाबला, मग अजून जोरात, मी डोळा किलकिला करून बघितलं तर आई माझ्याकडेच बघत होती, मान पुढे काढून, आणि मी पडले. म्हणजे पडून घेतलं. पदर सावरून पडले, एवढं भान होतं मला. ऑटोत तिने माझा हात धरला, "आत्मा उतरला गं बाई तुझ्यावर, आता मला काळजी नाही."

चार महिन्यांनी ती गेली. मी खरं सांगितलंच नाही.

भाचा म्हणतो, तुझं एकदा खोटं झालं म्हणून काय सगळ्यांचं खोटं? अरे, असं कुठे म्हटलं मी? दावीद राजा देवापुढे नाचला तेव्हा खिडकीतून त्याला तुच्छ मानणारी त्याची बायको मीखल मला व्हायचं नाहीये. येशूच्या दाखल्यातला मंदिरातला तो जकातदार, नजर वर करायची हिंमत नव्हती त्याची, पण छाती बडवतच होता की, शरीर कुणाला सुटलंय. आणि आईसाठी पडले ते पाप म्हणायचं का? ती शांतपणे गेली, त्यात त्या पडण्याचा वाटा आहे, मग तर अजूनच कठीण होतं. हल्ली कधी कोरसला हात आपोआप उचलला जातो, लगेच तो पदर आठवतो.

म्हणून गीतपुस्तक दोन्ही हातांनी धरून उभी राहते. गाणी सगळी पाठ आहेत, समोर पडद्यावर शब्दही येतात, आणि चष्मा तर पर्समध्येच असतो. म्हणजे हेही ढोंगच, म्हणा हवं तर.