खरचुडी समुद्रात कशी गेली

पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा वाटलं होतं, आता पावसाळाभर सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या पठारांवर फिरायचं. प्रत्यक्षात पहिले आठ महिने हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाच्या कपाटांसमोर स्टुलावर गेले. विषय होता कोकणातल्या कंदीलपुष्पांचा, म्हणजे खरचुडीच्या जातींचा प्रसार. कुठली जात कुठे उगवते आणि तिथेच का, एवढाच प्रश्न. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं हर्बेरियम, मुंबईत झेवियर्सचं ब्लॅटर, असं करत जुन्या शीट, म्हणजे वाळकं झाड चिकटवलेले कागद बघायचे. नॅप्थलिनचा वास डब्यातल्या पोळीलाही लागायचा.

शीटवर झाड असतं, पण नकाशाला लागतं ते लेबल. आणि लेबलं कशी? लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या जुन्या शीटवर एक छापील लेबल वारंवार भेटतं: 'मलबार, कोंकण इत्यादी', गोळा करणारे 'स्टॉक्स, लॉ इत्यादी'. पार केरळपासून इकडपर्यंतचा किनारा एका ओळीत! असलं लेबल सरळ बाजूला ठेवायचं, हे मी लवकर शिकले. ज्यांवर गावाचं नाव होतं, त्या गावांचे अक्षांश-रेखांश काढून एक्सेलमध्ये भरत गेले.

नकाशा उघडला आणि रत्नागिरीची खरचुडी विजयदुर्गासमोर समुद्रात! अर्धा दिवस डोकं खाजवलं. रत्नागिरी आहे 16 अंश 59 मिनिटं उत्तर, 73 अंश 18 मिनिटं पूर्व. मी भरलं होतं 16.59 आणि 73.18. मिनिटं साठ असतात, हे शाळेतलं गणित. 59 मिनिटं म्हणजे 0.98 अंश. ठिपका चाळीसेक किलोमीटर दक्षिणेला सरकला होता आणि किनारा ओलांडून गेला होता.

हसू आलं, मग पोटात गोळा आला. समुद्रातला ठिपका दिसतो तरी. नोंदींवरून झाड आणखी कुठे असू शकेल याचा अंदाज बांधणारं मॅक्सेंटसारखं संगणकी मॉडेल तो आपणहून गाळतं, कारण तिथे पावसाचे, तापमानाचे आकडेच नसतात. पण हीच चूक जमिनीवर पडली असेल तर? मॉडेल ती निमूट गिळतं आणि भलतीकडेच 'इथे झाड असू शकतं' म्हणून रंग भरतं. कुठली जात किती धोक्यात आहे हे ठरवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या निकषात प्रसारक्षेत्र 5,000 चौरस किलोमीटरच्या आत असणं ही 'संकटग्रस्त' ठरण्यातली एक अट आहे. टोकाचे ठिपके जोडून ते क्षेत्र मोजतात. म्हणजे एक चुकीचा ठिपका बाहेर गेला की झाड कागदावर सुरक्षित. सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. निम्म्याहून कमी उरल्या.

नव्या नोंदींसाठी मग सडा. सेरोपेजिया ॲटेन्युएटा या खरचुडीच्या जातीची पानं इतकी अरुंद की फूल नसेल तर गवतात गवत. ऑगस्टच्या पावसात राजापूरकडच्या एका सड्यावर मी आणि मैत्रीण अक्षरशः ओणव्या चालत होतो. गुरं घेऊन आलेले एक आबा बराच वेळ बघत राहिले.

"काय हरवलंय का बाई?"

मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी काठीनं लांबचा उंचवटा दाखवला. "खरचुडी व्हय? लहानपणी उकरून खायचो. आता साळिंदर खातं."

तिथे नऊ झाडं होती. मी आडवी होऊन एका फुलात डोकावले. नळीच्या आतले केस खाली वळलेले, आणि तळाशी एक बारीक माशी अडकलेली. केस मरगळले की ती सुटते, अंगावर पराग घेऊन. पाठीवर पाऊस पडत होता आणि मला उठवेना. कंद काढला नाही. शीटसाठी वरची एकच फांदी घेतली, जीपीएस रीडिंग पाच दशांश स्थळांपर्यंत लिहिलं. आयुष्यातला पहिला ठिपका, ज्याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

पुढच्या वर्षी शेजारच्या सड्यावर चिरेखाण सुरू झाली. आणखी एका ठिकाणी कलमं लावायला सुरुंग लावून खड्डे काढलेले. शिवाय दुर्मीळ झाडांचे पत्ते छापून आले की कंद उकरून नेणारे हौशी लोकही असतात.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "अख्खं एक प्रकरण अचूकतेवर लिहिलंत, मग प्रबंधात झाडांचे अक्षांश-रेखांश दोनच दशांशांपर्यंत का?"

"दोन दशांश म्हणजे साधारण एक किलोमीटर इकडेतिकडे, सर," मी म्हटलं. "शोधणाऱ्यानं निदान आबांना तरी विचारावं."