छपराखाली झोप न येणारी माणसे

दिग्दर्शिका डेब्रा ग्रॅनिक यांचा २०१८ सालचा ‘लीव्ह नो ट्रेस’ हा चित्रपट मी गेल्या आठवड्यात लातूरच्या घरी रात्री पाहिला, आणि तो संपल्यावर कितीतरी वेळ मला आमच्या आबांचीच आठवण येत राहिली.

अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या हद्दीतच फॉरेस्ट पार्क नावाचे ५,००० एकरांहून मोठे रान आहे. युद्धावरून परतलेला विल आणि त्याची १३ वर्षांची मुलगी टॉम तेथे ताडपत्रीखाली राहतात, पावसाचे पाणी धरतात आणि कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून लपण्याचा सरावही करतात. एके दिवशी मुलगी कुणाला तरी दिसते, पोलीस येतात, आणि सरकारी माणसे त्या दोघांची नाताळची झाडे पिकवणाऱ्या एका शेतावरील घरात सोय लावतात. यात दुष्ट कुणीच नाही; अधिकारी नाहीत आणि शेतमालकही नाही. मला हेच या चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ वाटते. युद्धाचे एकही दृश्य न दाखवता ग्रॅनिक विलची जखम दाखवतात. घरातला टीव्ही तो उचलून कपाटात ठेवतो, पण झाडे उचलून नेणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज कोणत्या कपाटात ठेवणार?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसे गाढ झोपली होती. उन्हाळ्यात ज्याच्या गारव्याचे आम्हाला कौतुक वाटे, ते दगडमातीच्या भिंतींवरचे जड माळवदच अंगावर आले. पुढे पुनर्वसनात आम्हाला पक्के घर मिळाले, परंतु आबा त्यात एकही रात्र झोपले नाहीत. शेतात कडुनिंबाखाली त्यांची बाज असे आणि पावसाळ्यात चार पत्र्यांचा आडोसा. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, एवढेच ते सांगत. आमच्या शाळेसाठी वडील गावातच राहिले, तेव्हा म्हाताऱ्याला एकटे टाकले म्हणून भावकीने त्यांना पुष्कळ नावे ठेवली, आणि खरे सांगायचे तर लहानपणी मलाही तसेच वाटे.

चित्रपटात पुढे एका वस्तीवर टॉम मधमाश्या हाताळायला शिकते. हातमोजे न घालता ती त्या तळहातावर घेते आणि वडिलांना बोलावून दाखवते. थॉमसिन मॅकेन्झी या मुलीने ही भूमिका इतक्या कमी शब्दांत केली आहे की, तिचा तो स्थिर हात पाहूनच आपल्याला कळते, हिला आता येथून हलायचे नाही. वडिलांच्या आत जे दुखते ते आपल्या आत दुखत नाही, हे ती त्यांना सांगते, तेव्हा त्यात तक्रारीचा सूर नसतो. ते वाक्य ऐकताना मला प्रथमच माझे वडील दिसले. त्यांनाही आबांना हेच सांगायचे असणार, आणि आमच्याकडे मुलगा बापाला असे सांगत नाही.

दोघांची वाट वेगळी होते. शेवटी टॉम रानातल्या एका झाडाला अन्नाची पिशवी टांगून येते. कुत्र्यांनी नेऊ नये म्हणून मीसुद्धा आबांचा भाकरीचा डबा कडुनिंबाच्या फांदीला अडकवून येत असे, आणि दुसऱ्या दिवशी कालचा डबा त्याच फांदीला, घासून लख्ख केलेला, अडकवलेला असे. वडील रोज संध्याकाळी तो माझ्या हातून घेत आणि उघडून पाहत.